बोटं कुणाची, कान कुणाचे

घरात गिटार आली की महिन्याभरात एक प्रश्न निघतोच. क्लास लावायचा, की आपलं आपण शिकायचं? वडीलधारी मंडळी सहसा क्लासच्या बाजूने बोलतात, मुलं मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या बाजूने. दोघांचंही ऐकून झालं की मी दोन तबकड्या ऐकायला सुचवतो. एक १९६० सालची, न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेली: 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार ऑफ वेस मॉन्टगोमेरी'. दुसरी १९६७ सालची, एचएमव्हीची: 'कॉल ऑफ द व्हॅली'. पहिलीतला वादक गिटार शिकायला कुणाकडेही गेला नाही आणि त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. दुसरीत गिटार वाजवणारे ब्रिजभूषण काबरा हे उस्ताद अली अकबर खाँसाहेबांचे शागीर्द, म्हणजे रीतसर तालमीतले. स्वयंशिक्षणाची आणि तालमीची इतकी सरस उदाहरणं दुसरी शोधूनही सापडणार नाहीत. गंमत अशी की ती नीट ऐकली की एकमेकांच्या विरोधात उभी राहत नाहीत. मूळ प्रश्नच थोडा बाजूला सरकतो.

आधी वेस. १९२३ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात त्याचा जन्म झाला. मोठा भाऊ मंक याने आणून दिलेली चार तारांची टेनर गिटार लहानपणी घरात होती. सहा तारांची गिटार मात्र त्याने विशीच्या सुमाराला घेतली, तीही लग्न झाल्यावर. निमित्त होतं चार्ली ख्रिश्चनच्या 'सोलो फ्लाइट' या ध्वनिमुद्रिकेचं. ख्रिश्चन बेनी गुडमनच्या ताफ्यातला गिटारवादक. विजेवर चालणारी गिटार सॅक्सोफोनसारखी एकेका सुराने बोलू शकते, हे जॅझच्या श्रोत्यांच्या मनावर त्याने ठसवलं आणि १९४२ साली पंचविशीतच तो वारला. वेसने त्याच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा लावून त्यातला एकेक सोलो कानाने उतरवला. हे सोलो जसेच्या तसे वाजवतो म्हणून त्याला गावातल्या एका क्लबात कामही मिळालं. पुढे १९४८ ते १९५० तो लायनल हॅम्प्टनच्या ताफ्याबरोबर फिरला, मग घरी परतला. मोठं कुटुंब, दिवसा नोकरी आणि रात्री क्लब, अशी त्याची कितीतरी वर्षं गेली. १९५९ साली सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीने त्याला तिथे ऐकलं आणि रिव्हरसाइड कंपनीचे ऑरिन कीपन्यूज यांना कळवलं. ही तबकडी त्यानंतर थोड्याच महिन्यांत, जानेवारी १९६० मध्ये झाली. तेव्हा वेस छत्तीस वर्षांचा होता.

या तबकडीतलं 'वेस्ट कोस्ट ब्लूज' लावा. तीन-तीनच्या वजनात झुलणारं हे ब्लूज वेसनेच बांधलेलं आहे. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, डबल बासवर पर्सी हीथ आणि ड्रम्सवर त्याचा भाऊ ॲल्बर्ट हीथ. सोलो सुरू झाला की पहिल्यांदा कानाला जाणवतो तो नाद. पिकचा, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीचा, आघात तारेवर पडताना जी बारीकशी टिक ऐकू येते, ती इथे नाही. सूर गोल येतो आणि त्याला मांसल वजन असतं. वेस पिक वापरतच नव्हता, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या पेराने वाजवायचा. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रात्री आवाजाचा त्रास नको म्हणून त्याने पिक बाजूला ठेवलं, अशी कथा सांगतात. कारण काहीही असो, अंगठा राहिला तो कायमचा.

इथे जरा थांबायला हवं. जॅझ गिटारच्या कुठल्याही शिक्षकाने पहिल्याच दिवशी हा अंगठा सोडायला लावला असता, आणि तसं करण्यात त्याची चूक नसती. पिकने तार खाली आणि वर अशी दोन्हीकडे छेडता येते, त्यामुळे जलद लय हाताला येते. अंगठा मुख्यतः खालच्याच दिशेला चालतो, म्हणजे निम्मी गती गेली. वेसने मात्र याच अडचणीतून आपली भाषा घडवली. त्याच तबकडीतलं, सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचं 'एअरेजिन' विलक्षण वेगात आहे. ते ऐकताना लक्षात येतं की सगळे सूर अंगठ्याने छेडलेले नाहीत. कित्येक सूर डाव्या हाताच्या बोटांनी तारेवर आपटून किंवा तार ओढून काढलेले आहेत. त्यामुळे त्याच्या वाक्यात काही सूर ठसठशीत पडतात आणि काही त्यांना चिकटून निसटत येतात. गवयाच्या तानेत एखादा सूर सरळ लागतो आणि दुसरा कणाने, तसा बोलका चढउतार इथे आपसूक येतो. पिकने प्रत्येक सूर सारख्या वजनाचा वाजवणाऱ्याला हा चढउतार मुद्दाम साधावा लागतो.

पुन्हा 'वेस्ट कोस्ट ब्लूज'कडे येऊ. सोलोचा पहिला भाग एकेरी सुरांचा आहे. वाक्यं छोटी, प्रश्न विचारून उत्तराला जागा ठेवणारी. त्यातला एखादा आकृतिबंध सापडला की वेस त्याला लगेच सोडत नाही. तो थोडा वळवतो, एक पायरी वर नेऊन पाहतो, मग पुढे जातो. हे पुरेसं झालं असं वाटत असतानाच नाद बदलतो आणि तोच सूर खालच्या व वरच्या सप्तकात एकाच वेळी वाजू लागतो. असे जोडसूर त्याच्याआधी गिटारवादक जँगो राइनहार्टनेही वाजवले होते, पण चमक म्हणून, मधूनच. वेस अखंड आवर्तनंच्या आवर्तनं त्यांत बोलतो. तंत्राच्या दृष्टीने हे अवघड काम आहे. दोन सूर ज्या दोन तारांवर असतात, त्यांच्या मधली तार वाजू न देता दाबून ठेवावी लागते. ते पहिल्या बोटाच्या आतल्या बाजूने करायचं आणि अंगठ्याने तिन्ही तारांवरून एकच फटका मारायचा. शिवाय गिटारच्या तारांच्या सुरांमधली अंतरं सगळीकडे सारखी नसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेतलं अंतर इतरांपेक्षा कमी असतं, त्यामुळे वरच्या तारांकडे सरकताना बोटांची पकड बदलावी लागते. हे सगळं चालू असताना ऐकणाऱ्याला कसरत जाणवत नाही. जाणवतो तो फक्त आवाज रुंद झाल्याचा आनंद. आणि शेवटी तिसरा टप्पा. आता तीच धून वरच्या सुरावर ठेवून खाली पूर्ण कॉर्ड येतात, जणू अख्खा ब्रास विभाग एका गिटारमध्ये शिरला आहे.

आपल्याकडच्या श्रोत्याला ही रचना ओळखीची वाटेल. ही बढत आहे. एकेरी सूर, मग जोडसूर, मग कॉर्ड. प्रत्येक टप्प्यावर नादाची घनता वाढते आणि कुठेही उडी मारल्यासारखं वाटत नाही. गिटारवर सोलोची अशी बांधणी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती आणि ती शिकवणारा शिक्षकही नव्हता. वेसला ती आपल्याच बोटांच्या मर्यादांतून सापडली.

मग वेसचा गुरू कोण? स्वतःच शिकलेला म्हणून त्याचा गौरव करणारे इथे घाई करतात असं मला वाटतं. गिटार धरायची कशी, अंगठा ठेवायचा कुठे, पहिलं बोट किती झोपवायचं, हे त्याला कुणी दाखवलं नाही हे खरं. पण वाक्य कुठे सुरू करायचं, श्वास कुठे घ्यायचा, ठेक्याच्या किती मागे रेलायचं, हे त्याने चार्ली ख्रिश्चनकडून घेतलं, एकेक सोलो जसाच्या तसा गिरवून. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात तिचा पहिला टप्पा तोच असतो: गुरूने गायलेलं तसंच्या तसं गळ्यातून काढायचं, आपली भर घालायची नाही. ख्रिश्चन आधीच गेला होता म्हणून ही तालीम तबकडीवरून झाली, एवढाच फरक. आणखी मागे गेलं तर खुद्द ख्रिश्चनच्या वाक्यांवर लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनची छाप आहे. म्हणजे जॅझ गिटारच्या या परंपरेत संगीताचं मूळ शिक्षण गिटारच्या बाहेरूनच आलेलं आहे.

शिवाय वेस एकटा नव्हता. भाऊ मंक बास वाजवायचा, दुसरा भाऊ बडी पियानो आणि व्हायब्रफोन. एकट्याने शिकणाऱ्याची लय धावते तेव्हा ते त्याला स्वतःला कळत नाही, कारण त्याच्या पायाचा ठेकाही त्याच्याबरोबर धावत असतो. वेसला घरातच दोन भाऊ रोखायला होते.

न शिकल्याची किंमतही त्याने मोजली. कागदावर लिहिलेलं संगीत त्याला वाचता यायचं नाही, म्हणून ते कुणीतरी वाजवून किंवा गाऊन दाखवावं लागायचं. १९६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. अखेरच्या काही वर्षांत मोठ्या वाद्यवृंदाबरोबर त्याच्या तबकड्या निघाल्या, तेव्हा भोवती सगळे वाचून वाजवणारे आणि मध्ये हा कानाने वाजवणारा, असं चित्र होतं. असामान्य कान असला तर हे निभतं. सर्वसाधारण वादकाला वाचता न येणं नडतं, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते, कारण त्यांना स्वरलिपी झरझर वाचता यायची. ती विद्या त्यांनी गावच्या चर्चच्या शाळेत मिळवलेली. तिथे मुलांच्या हातात लगेच वाद्य देत नसत. आधी सुरांची नावं घेऊन लिहिलेलं गाता आलं पाहिजे, व्हायोलिन त्यानंतर. अँथनी गोन्सालविस, सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे संगीतकार त्या मातीतून आले. संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्सालविस यांच्याकडेच. या शाळांचा क्रम मला फार मोलाचा वाटतो: कान आणि डोळा आधी, बोटं नंतर.

आता दुसरी तबकडी. 'कॉल ऑफ द व्हॅली' मराठी घरांत पूर्वीपासून आहे, पण तिच्यामागचे निर्माते जी. एन. जोशी होते हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. मराठी भावगीताच्या आरंभकाळातले हेच ते गायक, पुढे एचएमव्हीचे अधिकारी झालेले. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या वेळांनुसार राग: अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतूर, बासरी आणि गिटार वाजवणारे तिघेही तेव्हा तिशीच्या आसपासचे.

या तिघांचं शिक्षण पाहा. शिवकुमार वडिलांकडे, पंडित उमादत्त शर्मांकडे शिकले. वडील गायक आणि तबलावादक. संतूर हे काश्मिरी सूफियाना संगीतातलं वाद्य. त्यावर राग वाजवण्याची परंपराच नव्हती. तारांची मांडणी, सुरांची जुळणी आणि वाद्य मांडीवर घेऊन वाजवण्याची बैठक, हे सगळं त्यांना स्वतः शोधावं लागलं. हरिप्रसादांनी बासरीचे धडे भोलानाथ प्रसन्नांकडे घेतले, पण ज्यांचं नाव ते गुरू म्हणून आदराने घेतात त्या अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवायच्या. बासरीवर बोटं कशी ठेवावीत हे त्यांनी सांगितलं नसणार. रागाची वाढ कशी होते, ते त्यांच्याकडे होतं. आणि काबरा. अली अकबर खाँसाहेबांचं वाद्य सरोद. हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून धातूच्या दांडीने वाजवायची गिटार त्यांनी काबरांना शिकवली नाही, शिकवण्याचा प्रश्नही नव्हता. म्हणजे ज्या तबकडीकडे आपण तालमीचा नमुना म्हणून पाहतो, तिच्यातल्या गिटारवाल्याने गिटार स्वतःच बसवलेली आहे. वेसने बसवली तशीच!

मग खाँसाहेबांनी काय दिलं? याचं उत्तर गिटारवर भूप वाजवायला घेतला की मिळतं. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. या रागाचा जीव त्याच्या मींडांत आहे: पंचमावरून गंधारावर घरंगळत येणं आणि षड्जावरून धैवतावर उतरणं. आता दांडी तारेवरून पंचमाकडून गंधाराकडे सरकते तेव्हा मध्ये मध्यमाची जागा येतेच. ती टाळून जाता येत नाही, कारण तार सलग आहे आणि दांडीही सलग चालते. तिथून जायचं, पण मध्यम ऐकू येऊ द्यायचा नाही. दांडी तिथे किती रेंगाळते आणि गंधारावर कशी टेकते, यावर सगळं ठरतं. तिथे पुसटशी अडखळ झाली तरी मध्यम डोकावतो आणि भूप हातचा जातो. गंधाराऐवजी धैवतावर जोर पडला तर तेच पाच सूर देशकाराकडे झुकतात. हे भान बोटांत आपोआप येत नाही. कुणीतरी समोर बसून 'हा नव्हे, पुन्हा' असं म्हणावं लागतं. त्या माणसाला गिटार यायची गरज नाही, भूप यायला हवा.

सरोदही इथे उपयोगी पडला असणार. त्याच्या गुळगुळीत धातूच्या पट्टीवर पडदे नसतात. तार नखाने दाबून सूर घसरवत नेता येतो, म्हणून मींडेचा विचार त्या वाद्यात अंगभूत आहे. आणि सरोदचा सूर लवकर विरतो, त्यामुळे खाँसाहेबांच्या वादनात सुरांची काटकसर आहे, मोजक्या सुरांत मोठा आशय भरण्याची सवय आहे. काबरांची गिटार ऐकताना मला ही काटकसर सतत जाणवते. स्टील गिटार हे अतिशय गोड वाद्य आहे आणि त्याचा गोडवा हाच त्याचा धोका. दांडी हाताशी असली की प्रत्येक सूर दुसऱ्यात घसरवण्याचा मोह होतो आणि सगळंच पाकात बुडाल्यासारखं लागतं. काबरा सरकतात तेव्हा सरकण्याला कारण असतं आणि बाकी वेळ सूर स्वच्छ, उभा लावतात. त्याच तबकडीत शेजारी संतूर आहे. त्यावर मींड घेणं जवळपास अशक्य, कारण प्रत्येक तारेचा सूर आधीच ठरलेला असतो आणि हलक्या काठीच्या आघाताने तो तसाच वाजतो. एकाकडे मींडेची टंचाई आणि दुसऱ्याकडे सुकाळ. दोघांनाही कान एकच सांगतो: रागाला जेवढी लागते तेवढीच. या दोन वाद्यांनी एकमेकांना दिलेली जागा हा या तबकडीतला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

अहिर भैरवातला रिषभ हे आणखी एक उदाहरण. भैरव अंगाचा हा कोमल रिषभ संथ आंदोलनाने येतो. नेहमीच्या गिटारला तो मिळत नाही. गिटारच्या फळीवर फ्रेट ठोकलेले असतात, सप्तकाचे बारा समान तुकडे करून. सतारीचे पडदे सरकवता येतात, तारही बरीच खेचता येते. गिटारवर फ्रेटने ठरवलेला सूर हाच साधारणपणे आपला सूर. दांडीने वाजवणाऱ्याला हे बंधन नाही आणि म्हणून आधारही नाही. केसभर इकडेतिकडे झालं की बेसूर.

गिटार स्वतःच शिकावी की नाही, याचा एक मोठा धागा इथे आहे असं मला वाटतं. फ्रेटवाली गिटार स्वतः शिकता येते याचं मुख्य कारण तिच्या फळीवर आधीच एक मास्तर बसवलेला आहे. फ्रेटच्या मागे बोट दाबलं की सूर बरोबर येतो, तो बरोबर का आहे हे कळलेलं नसलं तरी. व्हायोलिन, सरोद किंवा स्टील गिटार अशी सूट देत नाहीत. म्हणून एखादी मुलगी दोन-तीन महिन्यांत व्हिडिओ पाहून चार कॉर्डांवर पाच-सहा गाणी वाजवू लागते आणि घरच्यांना कौतुक वाटतं. त्या कौतुकात काही गैर नाही. पण तिला तेच गाणं दुसऱ्या पट्टीत वाजवायला सांगा, किंवा रेडिओवर लागलेल्या अनोळखी गाण्याचा कॉर्ड कुठे बदलला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण बोटांना आकार पाठ आहेत आणि कानाला काहीच विचारलेलं नाही. कॅपो लावून पट्टी बदलता येते, त्यामुळे ही उणीव वर्षानुवर्षं झाकलेली राहते.

दुर्दैवाने कितीतरी क्लासही हेच करतात. कागदावर गाण्याचे शब्द, त्यांच्यावर कॉर्डांची अक्षरं, बाजूला स्ट्रमिंगचे खाली-वर बाण. तासभर सगळे मिळून वाजवायचं, पुढच्या आठवड्याला दुसरं गाणं. अशा क्लासने जे मिळतं ते व्हिडिओवरही मिळतं, आणि व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. ज्या पालकांना वाटतं की क्लास म्हणजे फुकटचा खर्च, ते बहुधा अशाच क्लासबद्दल बोलत असतात आणि त्यांचं बरोबर असतं.

बोटांच्या बाबतीत शिक्षकाचा उपयोग अगदी नाही असं मात्र मी म्हणणार नाही. मनगट वाकवून धरण्याची सवय लागली की पुढे दुखणं मागे लागतं. बोट फ्रेटच्या जवळ न दाबता मध्येच दाबलं की तार खरखरते, आणि मग नवशिका जास्त जोर लावतो. एफचा बार कॉर्ड लागत नाही म्हणून कितीतरी गिटारी कपाटावर गेल्या. बरेचदा अडचण ताकदीची नसते. पहिलं बोट थोडं कडेवर झोपवलं आणि कोपर अंगाजवळ आणलं की कॉर्ड लागतो. अशा गोष्टी जाणकार माणूस दोन मिनिटांत पाहतो, व्हिडिओ पाहू शकत नाही. शास्त्रीय, नायलॉन तारांच्या गिटारवर तर उजव्या हाताच्या नखांपासून बसण्यापर्यंत इतकं काही आहे की शिक्षकाशिवाय वर्षं वाया जातात. तरीही ही मदत थोड्या काळाची आहे. तिच्यासाठी दहा वर्षं क्लासला जावं लागत नाही.

लांबवर जी मदत लागते ती अली अकबर खाँसाहेबांनी दिली तशी. १९६७ मध्येच, ही तबकडी आली त्याच वर्षी, त्यांनी कॅलिफोर्नियात आपलं संगीत महाविद्यालय सुरू केलं. तिथे ते वाद्याबरोबर गाणंही शिकवत. सरोद, सतार, व्हायोलिन शिकायला आलेली अमेरिकन मुलंमुली गळ्याने सरगम म्हणत बसायची. त्या शिकवण्याची जातकुळी मैहर घराण्याची. खाँसाहेबांचे वडील उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी मुलाला सरोद, मुलीला, म्हणजे अन्नपूर्णादेवींना, सूरबहार, रविशंकरांना सतार आणि पन्नालाल घोषांना बासरीवर राग शिकवला. वाद्यं वेगवेगळी, पण विद्या एकच, आणि ती गाऊन दिली जायची. त्या घराण्याच्या मागे उभं राहून पाहिलं तर 'गिटारचा क्लास' ही कल्पनाच अपुरी वाटायला लागते.

म्हणून क्लास पाहायला जाल तेव्हा शिक्षकाच्या हातातली गिटार बाजूला ठेवायला सांगा आणि तो गाऊन शिकवतो का ते विचारा. मुलाने चुकीचा सूर लावला तर त्याचं बोट धरून योग्य फ्रेटवर नेतो, की सूर पुन्हा ऐकवतो आणि मुलालाच शोधायला लावतो, हे पाहा. गिटारचा उत्तम शिक्षक जवळपास नसेल पण एखादे चांगले गायनगुरू किंवा हार्मोनियमवाले असतील, तर फी तिकडे द्यावी आणि बोटांचं काम व्हिडिओंवर सोपवावं असं मी प्रामाणिकपणे सांगेन. तेही शक्य नसेल तर वेसची वाट आहे: एकच वादक निवडायचा, त्याची दोन मिनिटं घ्यायची, टॅब (बोटांच्या जागा दाखवणारी गिटारची लिपी) न पाहता कानाने उतरवायची आणि मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवून आपला ठेका कुठे सुटतो ते ऐकायचं. यात वेळ जातो. पण इतर कुठल्याही स्वयंशिक्षणात याची बरोबरी करणारं मला दिसलेलं नाही.

काबरांच्या पुढची गोष्ट यात भर घालते. विश्वमोहन भट्ट सतारीच्या रविशंकरांकडे शिकले आणि गिटारचं रूप बदलून त्यांनी मोहनवीणा घडवली. अमेरिकन गिटारवादक राय कूडरबरोबरच्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. देबाशिष भट्टाचार्य मात्र थेट काबरांकडेच शिकले, अनेक वर्षं. रागसंगीतात आपलंच वाद्य वाजवणारा गुरू लाभलेल्या गिटारवादकांच्या पहिल्या पिढीतले ते. गुरूची दांडी, गुरूच्या चिकारीच्या तारा, बसण्याची पद्धत, सगळं त्यांना तयार मिळालं होतं. त्यावर ते थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी काय केलं? चतुरंगी, गांधर्वी आणि आनंदी अशी तीन निराळी वाद्यं स्वतः बनवली, प्रत्येकाची तारांची मांडणी वेगळी.